पिवळ्या पट्टीवरची चौथी ओळ

आमच्या साप्ताहिकाचे तेवीसशे वर्गणीदार होते, आणि माझी बहीण सोडली तर त्यांतल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नव्हतं. पत्ते मात्र झोपेतून उठवून विचारले असते तरी घडाघड म्हणून दाखवले असते. कामच ते. छापखान्याच्या मागच्या खोलीत बसायचं आणि अंकांवर पत्ते ठोकायचे. सगळे मला ठोक्या म्हणायचे. राग यायचा, पण सांगतो कुणाला? छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांचा मुख्य माझा बापच, आणि तोही मला ठोक्याच म्हणायचा.

पूर्वी चार माणसं दीड दिवस बसून हातानं पत्ते लिहायची. मग मालकांनी कुठल्याशा बंद पडलेल्या वर्तमानपत्राचं एक जुनं यंत्र उचलून आणलं आणि चारांपैकी तिघं घरी गेली. मी राहिलो, कारण बाप मुख्य जुळारी. उगाच खोटं कशाला बोलू? यंत्राला आम्ही बदक म्हणायचो. पत्र्याचं, इस्त्रीएवढं, वर मूठ. पोटात खळ, पाठीवर पत्त्यांच्या पट्टीची गुंडाळी. पट्टी खळीच्या रुळावरून फिरून चोचीतून बाहेर यायची. अंकावर चोच आपटली की एक पत्ता कापला जायचा आणि तिथंच चिकटायचा. ठप्. दुसऱ्या हातानं पुढचा अंक ओढायचा. ठप्. तासाला बाराशे. या कामात नियम एकच, पत्ता वाचायचा नाही. वाचायला गेलात की हात अडखळतो, आणि हात अडखळला की चोच बोटावर येते. हा नियम मी कसा शिकलो ते माझ्या डाव्या अंगठ्याचं नख बघितलंत तर कळेल.

पट्टी निघायची ती अशी. पत्ते शिशाच्या खिळ्यांत जुळवून लांब, चिंचोळ्या तबकांत ठेवलेले असत. त्यांना गॅली म्हणतात. एकेक पत्ता तीन ओळींचा, आणि त्याखाली चौथ्या ओळीएवढं कोरं शिसं, कापायला जागा राहावी म्हणून. दर मंगळवारी मी गॅल्यांवर शाईचा रूळ फिरवायचो, वर पातळ पिवळा कागद दाबायचो आणि निघालेल्या पट्ट्या खुंटीवर वाळत घालायचो. ओली पट्टी बदकात घातली तर शाई पसरते. म्हणून मंगळवारी काढा, बुधवारी वाळवा, गुरुवारी ठोका. त्याच दिवशी अंक टपालात.

आता ताईचं सांगतो. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिनं एका फोटो काढणाऱ्याशी लग्न ठरवलं. तो गावोगाव तंबू ठोकून फोटो काढायचा. बाबा त्याला तंबूवाला म्हणायचे. "ना घर ना दार, डोक्यावर काळं फडकं घेऊन उभा राहतो, त्याला मुलगी देऊ?" ताई देण्याची वाट बघत बसली नाही. स्वतःच गेली.

त्या दिवशी बाबांनी मला समोर उभं केलं. "तिला एक ओळ जरी लिहिलीस, तर आईचं मेलेलं तोंड बघशील."

आई शेजारीच उभी होती. म्हणाली, "अहो, मरायचं मला, मला तरी विचारायचंत."

कुणी हसलं नाही. आईला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे तिला वेगळी शपथ घालायची गरज पडली नाही.

दोन महिन्यांनी एक नवी वर्गणी आली. तंबूवाल्यानं तंबू मोडून दूरच्या एका गावात दुकान टाकलं होतं, आणि वर्गणी ताईच्या नावावर होती. मी पत्ता जुळवला. नवे पत्ते तपासायचं काम बाबांचं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मला वाटलं, आता फाडणार. ते म्हणाले, "नावातला दुसरा खिळा झिजलाय. बदल." मी बदलला. मग तीन वर्षं दर गुरुवारी अंक जात राहिला. तो परत येत नव्हता, म्हणजे ती तिथंच आहे आणि बरी आहे, एवढं आम्हाला कळायचं.

मग आईच्या छातीत पाणी झालं. डॉक्टर शनिवारी येऊन गेले आणि दारात मला म्हणाले, "दोन आठवडे धरून चाला. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा."

आई म्हणाली, "तिला बोलव रे."

मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "आपल्या पायांनी गेली, आपल्या पायांनी येईल." रविवारी सकाळी टोपी घातली आणि "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडले, ते दुपारीच परत आले. मला इतकी चीड आली! बायको अंथरुणाला खिळलेली आणि यांना पाय मोकळे करायचेत!

तुम्ही विचाराल, अरे, एक कार्ड टाकायचंस ना सरळ. तार करायचीस. तार खात्यातला माणूस बाबांचा रोजचा सोबती, संध्याकाळच्या आत त्यांना कळलं असतं. पण हे बहाणे. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. आई डोळ्यांसमोर धापा टाकत होती आणि कानात ती शपथ होती. लिहिलं आणि त्याच दिवशी काही झालं तर? मग मी अक्कल चालवली. ओळ लिहायची नाही ना? ठीक. मी लिहिणारच नाही. मी जुळवीन.

सोमवारी बाबा मालकांकडे गेलेले बघून मी ताईच्या गावाची गॅली काढली. तिच्या पत्त्याखालचं कोरं शिसं उपसलं आणि तिथं बारीक खिळ्यांची चौथी ओळ बसवली. *आई फार आजारी. लगेच ये.* गॅलीची लांबी होती तेवढीच राहिली. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. मला मात्र त्या दिवशी आपल्याइतका हुशार माणूस जगात नाही असं वाटत होतं.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "आता काही दिवस तू कामावर येऊ नकोस. पट्ट्यांचं, ठोकायचं मी बघतो. तू आईजवळ बस."

ते पट्ट्या काढणार, ओळ दिसणार. पण नाही म्हणायला तोंड कुठं होतं? गुरुवारी ते घरी आले, हातपाय धुतले, आईच्या उशाशी बसले. चेहरा रोजच्यासारखाच आंबट. म्हणजे सुटलो. ठोकताना कुणी वाचत नाही, त्यांनीही वाचलं नाही.

मी आईला सगळं सांगितलं. सांगितलं नसतं तर फार बरं झालं असतं. पण मला शाबासकी हवी होती ना!

"आई, ताईला कळवलंय. सोमवारी येईल बघ."

"कसं रे? शपथ आहे ना तुला?"

मी कानात सांगितलं. ती हसली. "अगं बाई! अंकावरून?" हसता हसता खोकला लागला, मी पाठ चोळली, तरी हसतच होती. "लबाडा, बापाच्याच यंत्रातून!" तिला तसं हसताना तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

सोमवारी तिनं दार उघडं ठेवायला लावलं. जिन्यावर पाऊल वाजलं की मान उचलायची. मंगळवारी म्हणाली, गाडी चुकली असेल. बुधवारी म्हणाली, अजून रागावली असेल माझ्यावर, मी तिला जाताना अडवलं नाही ना. गुरुवारी सकाळी म्हणाली, "असू दे. लाव आता दार. वारा येतोय."

त्याच दुपारी ती गेली.

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला कळवायचं का?"

तीन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडून ताईचा विषय निघाला होता. आणि मी म्हणालो, "काही गरज नाही." माझ्या डोक्यात आग होती. बोलावलं तेव्हा आली नाही, आता काय रडायला येणार? बाबांना वाटलं असेल, पोरगा माझीच री ओढतोय. त्यांनीही मग कळवलं नाही.

मलाही तापानं धरलं. पुढचे पंधरा दिवस अंथरुणात काढले आणि डॉक्टर येऊन गेल्यापासून पाचव्या आठवड्यात कामावर गेलो. खुंटी रिकामी होती. बाबा म्हणाले, "पट्ट्या संपल्या. काढ नव्या." मी गॅल्या मांडल्या. ताईच्या गावाची आली तेव्हा हात थांबला. चौथी ओळ तिथंच होती. काढायला हवी होती, चिमटा हातात होता. पण मी म्हटलं, कशाला? चार वेळा वाचलंस ना? वाच पाचव्यांदा. वाच वर्षभर दर शनिवारी. लाज वाटू दे. रूळ फिरवला, कागद दाबला, आणि गुरुवारी माझ्याच हातानं तिच्या अंकावर चोच आपटली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

सोमवारी ताई आली.

मी आणि बाबा जेवत होतो. जिन्यावर धावती पावलं वाजली, दार ढकललं गेलं, आणि ताई आत. केस विस्कटलेले, हातात अंकावरून फाडलेला पिवळा पत्ता. तिच्यामागे दाराबाहेर तंबूवाला, खांद्यावर कॅमेऱ्याची तिपाई.

"आई कुठंय?" ती म्हणाली. "झोपलीय का? शनिवारी अंक आला आणि तशीच निघालो रे. यांना म्हटलं, कॅमेरा घ्या, आईचा एकही फोटो नाही आपल्याकडे." आणि ती आतल्या खोलीत गेली. आत खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती.

ती बाहेर आली तेव्हा मी उभा होतो. तोंडात घास तसाच. म्हणालो, "शनिवारी आला? तुला पाच आठवड्यांपूर्वी कळवलं! दर आठवड्याला कळवलं!"

"काय बोलतोयस?"

बाबांनी हात पुढे केला. ताईनं तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, त्या दिवशी धरला होता तसाच. चौथी ओळ वाचली. मला म्हणाले, "ही कधी बसवलीस?"

"डॉक्टर येऊन गेले त्याच्या सोमवारी."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "पट्ट्या मी आदल्या दिवशी काढल्या होत्या. रविवारी. चार आठवड्यांच्या एकदम, आणि वर माळ्यावर वाळत घातल्या. म्हटलं, तुला आईजवळ बसायला मिळेल."

पाय मोकळे करायला गेले होते ते! आयुष्यात एकदा त्या माणसानं माझ्यासाठी काही केलं, तेही न सांगता. आणि मी आयुष्यात एकदा त्याच्या शब्दाबाहेर गेलो, तेही न सांगता. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला शिव्या देऊ?

ताईला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं विचारलं, "कधी गेली?"

मी सांगितलं.

"आणि तू खिळे जुळवत बसलास? एक कार्ड टाकायला काय झालं होतं तुला?"

"बाबांनी शपथ घातली होती. आईचं मेलेलं तोंड बघशील म्हणून."

ताई आधी माझ्याकडे आणि मग बाबांकडे बघत राहिली. म्हणाली, "मग? बघितलंत ना दोघांनी? मलाच तेवढं नाही बघू दिलंत."

दाराबाहेर तंबूवाल्यानं तिपाई खांद्यावरून उतरवली. बाबा त्याला "आत ये" म्हणाले. तो आला नाही.

जाताना ताई दारात थांबली. "आईला माहीत होतं? मला कळवलंयस हे?"

मला आईनं उघडं ठेवायला लावलेलं ते दार आठवलं. मी म्हणालो, "नाही. तिला बोललोच नव्हतो."

तिनं बाबांकडे बघितलं. ते चार दिवस दार का उघडं होतं, हे बाबांना आत्ता, याच घडीला उमगलं असणार. ते म्हणाले, "नाही. तिला काही माहीत नव्हतं." बाप-लेकाचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, तेही खोटं बोलण्यात.

पुढच्या आठवड्यात एक कार्ड आलं. अंक बंद करायची कार्डं माझ्याच टेबलावर येतात. अक्षर ताईचं. लहानपणी पाटीवर माझा हात धरून तिनं मला हेच अक्षर गिरवायला शिकवलं होतं. लिहिलं होतं, "महाशय, या पत्त्यावर येणारा अंक कृपया बंद करावा." खाली सही, आणि काही नाही.

मी गॅली काढली, चिमटा घेतला आणि चारही ओळी सोडवून खिळे पेटीतल्या आपापल्या घरात टाकले.