वेन्डेलचा वरचा सूर

तालमीत तिसऱ्या दिवशीही वेन्डेल नुसते ओठ हलवत उभा राहिला, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शुक्रवारी थिएटरात कार्यक्रम, आणि आमचा मुख्य गायक म्हणे गळा राखतोय.

आम्ही पाचजण शाळेच्या जिन्यात गायचो. आमच्या हार्लेम वस्तीतल्या प्रत्येक गाणाऱ्या टोळक्याचा जिना ठरलेला असे. तिथे किरकोळ आवाजही घुमून भारदस्त होतो. मी खर्जातला. पण आमची तबकडी रेडिओवर वाजत होती ती पंधरा वर्षांच्या वेन्डेलच्या वरच्या सुरामुळे, हे मलाही ठाऊक होतं. मॅनेजर गॅरिकने त्याला दोनदा एकट्याला गाडीतून नेलं होतं. पलीकडच्या गल्लीतला गायक असाच फोडला गेला होता. वेन्डेलही आपल्याला सोडून जाणार, असे मी बाकीच्या तिघांचे कान भरले.

गुरुवारी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. तो रोज चर्चमध्ये जातो, असं त्याची आई म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. जाऊन पाहिलं तर वेन्डेल ऑर्गनपाशी एकटा उभा होता. एक पट्टी दाबायचा, सूर लावायचा. वर पोहोचला की आवाज चिरकायचा. मग एक पट्टी खाली. पुन्हा तेच.

मला पाहून तो थांबला.

"आवाज फुटलाय? कधीपासून रे?"

"ईस्टरपासून. गॅरिकला कळलंय. त्याने दुसरा पोरगा बघून ठेवलाय."

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"वाटलं, गॅरिकच्या आधी तुम्हीच दुसरा पोरगा आणाल."

मला राग आला, कारण ते खरं होतं. तरी मी त्याला शब्द दिला: गाणं खालच्या पट्टीत घेऊ, गॅरिकशी मी बोलतो.

शुक्रवारी गॅरिक त्या पोराला घेऊनच थिएटरात आला. बारातेरा वर्षांचा असेल. गाणं तबकडीत आहे तसंच, वरच्या पट्टीत होणार, कुणाची हरकत आहे का, असं त्याने विचारलं. वेन्डेलने माझ्याकडे पाहिलं. समोर पडद्याआड लोक पाय आपटत होते. मी खाली मान घातली.

वेन्डेल भांडला नाही. श्वास कुठे घ्यायचा ते त्याने पोराला दोनदा दाखवलं. मग आम्हा पाचांचा सारखा असलेला आपला लाल कोट काढून त्याच्या अंगावर चढवला आणि लांब होणाऱ्या बाह्या नीट आत दुमडून दिल्या.