मारोतराव गुरुजींची बादली

मारोतराव गुरुजी दारात येऊन उभे राहिले तेव्हा गिरजाबाई अंगण सारवत होती. तिनं मान वर केली, माणूस ओळखला आणि हातातला शेणाचा गोळा जमिनीवर असा आपटला, की गुरुजींनी धोतराचा सोगा चटकन वर उचलला.

आजवर हा माणूस या ओळीत कधी फिरकला नव्हता. भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि त्यावरच्या मजुरांच्या झोपड्या रिसालीच्या शिवारात धानाच्या बांधाला लागून पडल्या होत्या. एक ओळ शेतकरी घरांची, गुरुजी त्यातले; एक ओळ बौद्धांची, गिरजाबाई त्यातली. सगळे भंडारा-गोंदियाकडून एकाच गाडीत कोंबून आलेले आणि एकाच ठेकेदाराचा मुरूम वाहणारे. पण राहायची वेळ आली तेव्हा शहाण्यांनी गावची वेस पाठीवर घेऊन आल्यासारखी मधोमध आणून टाकली.

"गिरजाबाई, उद्या नलूले शाळेत धाडजो बरं," गुरुजी कुंपणाबाहेरूनच म्हणाले. "रायपूरहून डाक्टरीनबाई येऊन राहिल्या तपासनीले."

"कावून जी? पोट्टी दोन महिने खाटेवर होती, तवा नाई आठवली ते?"

"अवं, तिच्याएवढा आरोग्याचा धडा कोनालेच येत नाई. बाकीच्या पोट्ट्याईले रोग कायनं होते विचारलं, तं नजर लागल्यानं म्हनतेत! नाक कापतीन माहं."

ते मात्र खरं होतं. सरकारनं शाळेत आरोग्याचा तास सुरू केला होता. भिंतीवर तक्ते लागले होते. माशा कशा बसतात, नखं कशी कापायची, पाणी कसं उकळायचं, हात कसे धुवायचे, सगळं चित्रांत रंगवलेलं. आता पोरांच्या डोक्यात त्यातलं किती शिरलं हे पाहायला बाई येणार होत्या. त्या पोरांना नुसतं विचारणार नव्हत्या, करूनही घेणार होत्या. तपासणी चांगली झाली तर मारोतरावांना सेक्टर दोनच्या नव्या पक्क्या शाळेत मोठे गुरुजी होता येणार होतं. वर पंखा आणि खाली खुर्ची! गडी त्या पंख्याखाली आत्ताच झोपल्यासारखा बोलत होता.

"धाडतो ना जी," गिरजाबाई एकदम गोड आवाजात म्हणाली. "मीबी येतो संगं."

गुरुजी खूष होऊन गेले. खाटेवर बिडी ओढत बसलेला टिकाराम बायकोकडे बघतच राहिला. मुरूम वाहता वाहता तो आता कारखान्यात खलाशी झाला होता. दिवसभर क्रेनखाली लोखंड चढवायचं आणि घरी आल्यावर कुणाच्या अध्यातमध्यात पडायचं नाही, अशी त्याची रीत.

"तू हो म्हनली?" त्यानं विचारलं. "त्या मानसाले?"

"मले बदला घ्याचा हाय."

तिनं हे इतक्या सरळ सांगितलं की टिकारामची बिडी विझली.

आत नलू डोक्याला फडकं बांधून तांदूळ निवडत बसली होती. फडक्याखाली केस नव्हते. विषमज्वरानं सगळे नेले होते, आणि जीव तेवढा नेता नेता राहिला होता. आता तो ज्वर आला कुठून ते ऐका. शाळेत पाण्याची एक बादली होती. त्या ओळीची पोरं त्यात लोटा बुडवून प्यायची. या ओळीच्या पोरांनी लांब बसून ओंजळ धरायची आणि तुळसाबाई नावाच्या पाणी भरणाऱ्या बाईनं वरून ओतायचं. एकदा तुळसाबाई भाचीच्या लग्नाला दुर्गला गेली. चैताचं ऊन, तोंडात मुरमाची धूळ. नलू दोनदा गुरुजींकडे गेली. गुरुजी म्हणाले, "तुळसाबाई आल्यावर पेजो." तुळसाबाई काही त्या दिवशी येणार नव्हती. दुपारी पोरीनं शाळेमागच्या मुरमाच्या खदानीत साचलेलं पाणी प्यायलं. म्हशी लोळत होत्या त्यात.

गिरजाबाईनं पोरीला जवळ ओढलं.

"उद्या बाईनं हात धुवून दाखव म्हनलं, तं ओंजय धरून बसू नोको. उठजो, लोटा घेजो, सोता बादलीत बुडवजो."

"गुरुजी मारतीन!"

"बाईसमोर नाई मारत. अन् तुले काईच नाई कराचं याच्यापुढं. पुढचं गुरुजीच करतीन."

"काय करतीन?"

"त्याह्यच्या हाताले सवय हाय."

ही सवय गिरजाबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. नलूला सोडायला गेली असताना या ओळीच्या एका लहानग्याचा हात चुकून बादलीच्या काठाला लागला. गुरुजी सातचा पाढा म्हणवून घेत होते. पाढा न थांबवता त्यांनी डाव्या हातानं बादली उपडी केली, ती घासून घ्यायला "तुळसाबाई, राख आन," म्हणाले आणि पुढचा आकडा घेतला. रागावले नाहीत, पोराकडे पाहिलंसुद्धा नाही. माशी हाकलावी तसा हात गेला आणि परत आला. रागावले असते तर गिरजाबाई एखाद्या वेळेस विसरलीही असती.

दुसऱ्या दिवशी शाळेपुढच्या करंजाखाली सतरंज्या पडल्या. दोन्ही ओळींचे आईबाप आले आणि न सांगता दोन बाजूंना बसले. त्या बाजूला सगळ्यांत पुढे भय्याजी होते. त्या ओळीतलं वजनदार माणूस, आणि मारोतरावांचे होणारे व्याही. गुरुजींची पोरगी कांता त्यांच्या पोराला देऊ केलेली होती. डॉक्टरीणबाई जीपमधून उतरल्या. मूळच्या नागपूरच्या, पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. घासून लखलखीत केलेली बादली, नवा लोटा आणि साबणाची वडी टेबलाजवळ मांडून ठेवली होती.

नलूनं धडा असा म्हणून दाखवला की बाईंनी चष्मा काढला.

"विषमज्वर कशानं होतो?"

"खराब पान्यानं, बाई. मले झाला होता."

"तुला? एवढं सगळं येत असून?"

नलूनं मान खाली घातली. गुरुजी लगबगीनं पुढे झाले.

"घरचा गलिच्छपणा, मॅडम. आम्ही इथे कितीही शिकवलं तरी हे लोक घरी पाळत नाहीत. काय करणार?"

गिरजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज अंगण सारवणारी बाई ती! चूल विझायच्या आधी पाण्याचं पातेलं उकळून ठेवणारी, तेही पोरीनं शाळेतून येऊन सांगितलं म्हणून. तोंडापर्यंत आलेली शिवी तिनं गिळली. थोडाच वेळ गिळून धरायची होती.

"बरं, हात धुऊन दाखव," बाई म्हणाल्या.

नलू उठली. सवयीनं तिचे हात ओंजळीसाठी जवळ आले, मग तिनं आईकडे पाहिलं. लोटा उचलला आणि बादलीत बुडवला. त्या बाजूच्या सतरंजीवर कुजबूज झाली. पोरीनं साबण लावला, बोटांच्या बेचक्या चोळल्या, नखं चोळली, मनगटापर्यंत फेस नेला, आणि तक्त्यातल्या चित्रासारखे हात धुतले.

"शाबास! अगदी असेच धुवायचे. पाहिलंत ना रे सगळ्यांनी?" बाई म्हणाल्या. "गुरुजी, काम छान आहे तुमचं. आता दुसऱ्या मुलाला बोलवा."

"बोलावतो ना, मॅडम," गुरुजी हसत म्हणाले. "आमच्या शाळेत स्वच्छता म्हणजे अगदी..."

आणि हसता हसता, बोलता बोलता त्यांचा डावा हात खाली गेला. बादली उपडी झाली. भरलेलं सगळं पाणी करंजाच्या मुळाशी गेलं.

"तुळसाबाई, राख आन," गुरुजी म्हणाले.

कुणीच हललं नाही. तुळसाबाईसुद्धा नाही. गुरुजींनी आधी लोकांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या रिकाम्या बादलीकडे. ती कुणी दुसऱ्यानंच त्यांच्या हातात दिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"पाणी का फेकलंत?" बाईंनी विचारलं.

"ते... खराब झालं होतं."

"कशानं? आत्ताच भरलं होतं ना?"

गिरजाबाई उठली. पदर खोचला.

"बाई, मी सांगतो. माह्या पोरीचा हात लागला म्हनून फेकलं. रोजच फेकतेत. आमच्या पोट्ट्याईले वरून ओततेत. तुळसाबाई नसली का तेही नाई. तिले धडा सबन पाठ होता, बाई. तहान लागल्यावर पानी देईन कोन, हे तुमच्या धड्यात नाई. म्हनून म्हशीईच्या डबऱ्यातलं पेली. घान माह्या घरात नोयती!"

बाईंनी हातातला कागद घडी करून ठेवला. नलूच्या डोक्यावरच्या फडक्याकडे एकदा पाहिलं. मग बादली पुन्हा भरायला लावली आणि नलूला लोटा बुडवायला सांगितला.

"गुरुजी, या मुलीच्या हातचं पाणी प्या. सगळ्यांसमोर. उद्यापासून बादली एक आणि लोटा एक. नाही तर मी लिहिते, या शाळेत आरोग्य कुणालाच कळलेलं नाही, शिक्षकाला तर मुळीच नाही. मग सेक्टर दोन सोडा, ही शाळाही राहणार नाही तुमच्याकडे."

मारोतरावांनी भय्याजींकडे पाहिलं. भय्याजींनी मान दुसरीकडे वळवली. गुरुजींनी लोटा घेतला, तोंडाला लावला आणि भरल्या गालांनी, खोकल्याची उबळ आल्याचं सोंग करत, शाळेच्या भिंतीआड गेले. बाई तोवर जीपकडे वळल्या होत्या. भिंतीच्या कोपऱ्यावर गिरजाबाई उभी होती. गुरुजींनी घोट थुंकलेला तिनं पाहिला, आणि तिनं पाहिलेलं गुरुजींनी पाहिलं.

त्याच संध्याकाळी ते पुन्हा आले. या वेळी कुंपण ओलांडून थेट टिकारामच्या खाटेपर्यंत.

"गिरजाबाई, तू पायलं. मी गियलो नाई."

"पायलं जी."

"भय्याजी उद्या बैठक घेऊन राहिले. मी पानी पेलो म्हनून कांताची सोयरीक मोडतो म्हनतेत. माह्यावर विश्वास नाई कोनाचा. तू फकत खरं सांगजो, बाई. हात जोडतो."

"अन् रायपूरच्या बाईलेबी खरं सांगू?"

गुरुजींचे जोडलेले हात तसेच राहिले. "तिले नोको," ते हळूच म्हणाले.

ते गेल्यावर टिकाराम खाटेवरून उठला. "सांगून टाक वं खरं. पोरीच्या लग्नाची गोठ हाय."

"मीबी पोरीचंच पाऊन राहिली," गिरजाबाई म्हणाली आणि चुलीत काटक्या सारू लागली.

बैठक करंजाखालीच भरली. गंमत बघा, गिरजाबाईच्या हातचं पाणी त्या लोकांना चालत नव्हतं, पण तिची साक्ष चालली. मागच्या बाजूला कांता डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. पोरगी गरीब स्वभावाची. नलू आजारी असताना तिनं चोरून लिंबं पाठवली होती. तिच्याकडे पाहिल्यावर खरं सांगून टाकावं, असं क्षणभर गिरजाबाईच्या मनात आलं. तिनं नजर काढून घेतली. चैतातल्या त्या दुपारी नलूच्या घशाला पडलेली कोरड कुणाच्या मनात आली होती?

"तू जवळ होती," भय्याजींनी विचारलं. "गुरुजी पानी पेले का थुकले?"

"पेले."

"सबन?"

"गटागटा. अन् म्हने, नलू, तुह्या हातचं लई गोड लागते वं, अजून दे. दुसरा लोटा म्या सोता भरून देल्ला. तोबी पेले."

बैठकीत एकच गलका उठला. भय्याजी उठून उभे राहिले आणि धोतर झटकू लागले.

"खोटं हाय!" मारोतराव ओरडले. "थुकलो मी! आईची शपत, भिंतीमांगं जाऊन थुकलो!"

गिरजाबाई त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज दारात बोलली होती तेवढाच गोड होता.

"थुकले का जी? मंग तसं कयवतो मी रायपूरच्या बाईले. सबनच ऐकून राहिले, साक्षीदारबी लय हायेत."

मारोतरावांनी भय्याजींकडे पाहिलं, मागे उभ्या पोरीकडे पाहिलं, मग शाळेच्या ओसरीकडे पाहिलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पेलो," ते म्हणाले.

"किती?" गिरजाबाईनं विचारलं.

"दोन लोटे."