तिसरं कारण

दुसऱ्याला पटवून देणारा निबंध कसा लिहायचा, हे चौथीच्या मुलांना शिकवण्याची माझी पात्रता एवढीच की मी त्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्यातल्या दुसऱ्या दिवशी आम्हाला लवकर सोडलं होतं.

रीत सोपी होती. आधी आपलं म्हणणं मांडायचं. मग तीन कारणं द्यायची. मग 'काही जण म्हणतील की' असं लिहून विरोधकाला एक वाक्य बोलू द्यायचं आणि पुढच्या वाक्यात त्याला गप्प करायचं. शेवटी नम्र विनंती. कारणं तीनच का, असं एका बाईंनी विचारलं, तर साहेब म्हणाले, दोन कमी वाटतात आणि चार पोरं लिहीत नाहीत. प्रशिक्षणात मला पटलेली ही एकमेव गोष्ट.

माझी शाळा पेठ वडगावच्या अलीकडच्या एका गावात आहे. मी राजारामपुरीत खोली घेऊन राहतो आणि रोज मोटारसायकलनं जातो-येतो. विषय मुलांच्या ओळखीचा घ्यावा असं सांगितलं होतं, म्हणून मी फळ्यावर लिहिलं, 'आपल्या शाळेच्या खिचडीत बदल व्हायला हवा.' वर्ग एकदम जागा झाला. पहिलं कारण लगेच आलं, रोज तेच तेच असतं. दुसरं आलं, वाटाणा कडक असतो. तिसरं काही येईना. तास संपत आला होता. शेवटी मीच लिहिलं, 'खिचडीत खडे निघतात. गेल्या आठवड्यात त्यामुळे एका मुलाचा दात पडला.'

वर्ग हसला. चौथीत दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा दात पडतच असतो, त्यामुळे वाक्य निम्मं तरी खरं होतं. आणि वर्ग हसला की मला वाटतं, आपण चांगले शिक्षक आहोत.

शिवानी हसली नाही. ती उभी राहून म्हणाली, "सर, खडं नसत्यात की. मी रोज खाती."

"उदाहरण आहे गं," मी म्हणालो. "निबंधात चालतं. लिही."

ती खाली बसली आणि तिनं लिहिलं. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई या शिवानीच्या आजी. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

आता आमच्याकडच्या दोन रीती सांगतो. एक, सरांनी फळ्यावर नमुना लिहिला की पोरं तो उतरवून घेतात. 'स्वतःच्या शब्दांत लिहा' असं सांगितलं तर तेही उतरवून घेतात. दुसरी, गृहपाठाखाली पालकांची सही लागते. ही मी स्वतः सुरू केलेली, शिस्तीसाठी. त्यामुळे दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एकतीस वह्या आल्या. एकतीस वह्यांत खडे, एकतीस वह्यांत पडलेला दात, आणि खाली एकतीस पालकांच्या सह्या. खुनाच्या खटल्यातसुद्धा इतके साक्षीदार इतकं सारखं बोलत नसतील.

हंबीरराव हे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. त्यांचा नातू उदयसिंह माझ्याच वर्गात. सही करता करता त्यांनी वही वाचली असावी, कारण सकाळी नऊलाच ते शाळेत हजर. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सर, लई भारी लिवून घेतलंय. सगळ्यांच्या वह्या द्या की जरा बघायला."

दोन वर्षांच्या नोकरीत माझ्या वर्गाच्या वह्या कुणी मागून घेतल्या नव्हत्या. मी गठ्ठा बांधून दिला. चांगल्या अक्षराच्या वर ठेवल्या.

शेवंताबाई बौद्धवाड्यातल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांना खिचडीचं काम मिळालं, आणि तेव्हापासून माझ्या वर्गातली नऊ मुलं घरून डबा आणतात. का, असं विचारलं की पालक सांगतात, शाळेचं पोटाला सोसत नाही. नऊही पोटं एकाच गल्लीतली. यावर मी खोलीवरच्या मित्रांना बरेच विनोद सांगितले होते. स्वयंपाकी बदला असं त्या गल्लीला तीन वर्षं म्हणायचं होतं, पण खरं कारण चारचौघांत उच्चारता येत नव्हतं आणि दुसरं सापडत नव्हतं. ते मी पुरवलं. शुद्धलेखन तपासून.

बुधवारी नोटीस निघाली. विषय पहिला आणि शेवटचा, 'पोषण आहाराबाबत पालकांच्या लेखी तक्रारी आणि स्वयंपाकी बदलणे.' मुख्याध्यापिका अनुजा मॅडमनी ती माझ्यासमोर ठेवली आणि खडे खरंच निघाले का, असं विचारलं. मी म्हणालो, तसं नाही, म्हणजे ते उदाहरण होतं. मॅडम म्हणाल्या, मग हंबीररावांना भेटून एवढंच सांगून टाका. मी हो म्हणालो. गुरुवारी ते शेतावर होते, म्हणून गेलो नाही. शुक्रवारी ते घरी होते, म्हणून गेलो नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर सभा भरली. पहिल्यांदा पुरावा म्हणून उदयसिंहला पुढं घेतलं. त्यानं तोंड उघडलं. बाजूचा एक दात नव्हता. सदस्यांनी एकेकानं वाकून आत बघितलं, एकानं मोबाइलची बॅटरी लावली. या मुलानं शाळेची खिचडी कधी खाल्लेलीच नव्हती. तो त्या नऊ जणांतला. दात गेला असेल तर घरच्या चपातीनं गेला असेल. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. मीही नाही.

शेवंताबाईंना बोलावलं होतं. त्या दाराशी उभ्या राहिल्या. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. खुर्च्या होत्या.

"शेवंताबाय, आमचं काय तुमच्याशी वाकडं न्हाय," हंबीरराव अगदी मऊ आवाजात म्हणाले. "पर एकतीस पालक खोटं बोलत्यात व्हय?"

अनुजा मॅडम गठ्ठ्यातल्या वह्या एकेक उलटत होत्या. एका वहीशी त्या थांबल्या, ती उघडून त्यांनी शेवंताबाईंसमोर धरली आणि सही कुणाची, असं विचारलं. वही शिवानीची होती. सही दगडावर टाकी मारावी तशी, एकेक अक्षर सुटं सुटं काढलेली.

"माझी."

"बघा," हंबीरराव म्हणाले, "म्हंजे त्यास्नीबी मान्य हाय."

मॅडमनी विचारलं, न वाचताच सही केली का.

"वाचलं की," शेवंताबाई म्हणाल्या. "मला वाटलं, निघाला असंल एखादा. सर फळ्यावर लिवत्यात म्हंजे बघूनच लिवत असतील."

हे टोमणा म्हणून आलं असतं तर मी खाली मान घालून निभावलं असतं. टोमणा नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्यावर विश्वास ठेवून त्या बाईनं स्वतःविरुद्ध सही केली होती, आणि ती मी बाकीच्या तीस सह्यांबरोबर मोजली होती.

मी उभा राहिलो. दोन रात्री मनात जुळवलेलं सगळं पार निघून गेलं.

"खड्यांचं मी लिहिलं," मी म्हणालो. "मनानंच. तिसरं कारण मिळेना म्हणून."

"पोरांकडनं खोटं लिवून घेतलं?" हंबीररावांनी विचारलं.

"हो."

"आनि त्याच्याखाली आमच्या सह्या घेतल्या?"

"हो."

आमच्या शाळेत मुलांच्या आधी एका शिक्षकानं खिचडी चाखायची आणि चव रजिस्टरात शेरा लिहायचा, असा नियम आहे. ते काम माझ्याकडं. मॅडमनी कपाटातून रजिस्टर काढलं आणि निबंधाच्या तारखेवर बोट ठेवलं. माझ्याच अक्षरात 'चव उत्तम'. त्यांना मदतच करायची होती. हंबीररावांनी एका हातात वही घेतली, एका हातात रजिस्टर.

"सर, ह्येबी तुमचंच आन् त्येबी तुमचंच. यातलं खरं कंचं म्हनायचं?"

"रजिस्टरातलं," मी म्हणालो.

रजिस्टर मी दर शनिवारी सकाळी भरतो, सहा दिवसांचं एकदम. दुपारी मी खानावळीचा डबा खातो. दोन वर्षांत ती खिचडी मी जिभेला लावलेली नव्हती. का लावली नव्हती, असं मला कुणी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मीही पोटाचंच सांगितलं असतं. मी ज्या नऊ पोटांना हसत होतो, त्यांत दहावं माझं होतं. हे त्या सभेत सांगितलं असतं तर शेवंताबाईंचा एकुलता एक पुरावा गेला असता. म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला पटवून दिलं. त्यात मी आता बरा तरबेज झालो आहे.

ठराव बारगळला. हंबीरराव म्हणाले, सरांनी जे केलं ते लेखी द्यावं, ते केंद्रप्रमुखांकडं जाईल, बाकीचं पुढच्या सभेत बघू. मी तिथंच बसून लिहून दिलं. 'निबंधातील खड्यांचा मजकूर खोटा असून तो मी लिहिला आहे.' कारण एकही दिलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीच्या बराच आधी मी स्वयंपाकाच्या खोलीत गेलो. आज चाखूनच शेरा लिहायचा असं ठरवलं होतं. शेवंताबाई दारात, उजेडाला बसून परातीत तांदूळ निवडत होत्या.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि निवडत राहिल्या.

असू द्या, असं काहीतरी त्या म्हणतील म्हणून मी थोडा थांबलो. त्या म्हणाल्या नाहीत. परात निवडून झाली. तांदूळ त्यांनी पातेल्यात ओतला नाही. तो एका कडेला लोटला आणि तोच पुन्हा मूठ मूठ पुढं ओढून बघायला लागल्या.

निवडलेला परत कशाला निवडताय, असं मी विचारलं. खिचडीत खडे नव्हतेच, आणि मी तसं लिहूनही दिलंय.

"त्ये तुमी समितीला दिलं," शेवंताबाई म्हणाल्या. "पैलं एकतीस घरांत गेलंय न्हवं. आता एक जरी निघाला तर तुमचंच खरं हुईल."

भात शिजायला अजून तासभर होता, तरी मी तिथंच उभा राहिलो.

"सर, जरा सरकता का," त्या म्हणाल्या. "उजेड अडतोय."

मी सरकलो.