गल्ली बंद आहे

दारावरून भरधाव गाड्या जायला लागल्या, तर कोणत्या आईचा जीव थाऱ्यावर राहील? मोठा रस्ता तुंबला की मोबाइलवरचा नकाशा सगळ्यांना याच गल्लीत वळवायचा. चिमीच्या आईने एकदा लेकीला स्कूटरपुढून खेचून घेतलं आणि त्याच संध्याकाळी दारोदार फिरून सांगितलं, "ॲपमध्ये कळवा, गल्ली बंद आहे म्हणून."

बारा घरांनी कळवलं. तेराव्या घरातले निवृत्त पोस्टमनकाका मात्र अडून बसले.

"पोरी, तीस वर्षं मी पत्ते शोधत फिरलो. वाट विचारणाऱ्याला खोटं सांगायचं?"

"काका, माणूस नाही, मोबाइल विचारतोय!"

"आणि मोबाइल धरलाय कोणी, भुताने? गतिरोधकासाठी अर्ज करू. सह्या मी गोळा करतो."

"तो मंजूर होईपर्यंत चिमी कॉलेजात जाईल!"

सगळे हसले. काका हसले नाहीत.

गल्ली खरंच शांत झाली. महिन्याभराने, भर दुपारी, तापाने फणफणलेल्या चिमीचे डोळे फिरले. हातपाय ताठरून झटके देऊ लागले. नवरा कामावर. आईने रुग्णवाहिका बोलावली. नकाशावर आपलं घर दाबून धरलं आणि आलेले अक्षांश-रेखांशाचे आकडे पाठवले.

थोड्या वेळाने ड्रायव्हरचा फोन आला. "ताई, ठिकाण दिसतंय, पण गल्ली बंद दाखवतंय. मागून आलो, तर इथे नाल्याची भिंत!"

भिंतीपलीकडून भोंगा ऐकू येत होता!

"बंद नाहीये हो! आम्हीच तसं कळवलंय!" ती रडत ओरडली.

तिचा आक्रोश ऐकून आलेल्या काकांनी फोन घेतला. "मागे फिरा. औषधाच्या दुकानाला डावीकडे, निळ्या फाटकाला उजवीकडे. मोबाइलकडे बघू नका, मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो!" आणि ते अनवाणीच धावले.

अकरा मिनिटं वाया गेली. चिमी वाचली. "झटका फार लांबला. इतका उशीर कशामुळे?" डॉक्टरांनी विचारलं.

घरी येताच तिने गल्ली खुली असल्याचं कळवलं आणि पुन्हा बारा दारं वाजवली.

"वाचली ना पोर? मग आता कशाला?" शेजारीण म्हणाली.

तिला तो आपलाच आवाज वाटला. "माझी वाचली, वहिनी. दुसरीची अडकेल."

नंतर तिने काकांचं दार वाजवलं. "काका, तो अर्ज…"

काकांनी पेन पुढे केलं. पहिली सही तिने केली.

गाड्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. भोंगा वाजला की ती चिमीचा हात घट्ट धरते आणि मनात म्हणते, जा बाबा, लवकर जा.

नागरिकहो, मोबाइलवरचा नकाशा आपल्या सर्वांच्या शब्दावर चालतो. आपल्या सोयीसाठी त्यात पेरलेलं एक खोटं कोणाच्या तरी श्वासाची वाट अडवतं, आणि तो श्वास आपल्याच घरातला असू शकतो!