डक्टजवळची हाक

लंबू सुतार गेला तो स्वतःच उचललेल्या फळीमुळे. पाइप उतरवायच्या डक्टचं चौकोनी भोक सगळ्या मजल्यांतून आरपार जातं. सहाव्या मजल्यावर त्याच्या तोंडावर प्लायवूडची फळी नुसतीच टाकलेली होती. लंबूला ती सुटी पडलेली वाटली. त्याने ती दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलली आणि एक पाऊल पुढे टाकलं. फळीआड पायाखालचं काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर मला या साइटवर सेफ्टी ऑफिसर म्हणून पाठवलं. मी प्रत्येक मजल्यावर डक्टला लोखंडी जाळ्या बोल्टने आवळून घेतल्या. सहाव्यावरची जाळी तपासायला वाकले आणि मागून, बऱ्याच उंचावरून, कोणीतरी ओरडलं, "पाय बघ!"

मागे कोणी नव्हतं.

"ऐकलंत ना?" जिन्यातून मुकादम हसत वर आला. "लंबू तो. हेल्मेट घाल, हेल्मेट घाल म्हणून आमची जीभ झिजली, तेव्हा ढिम्म हलला नाही. आता आम्हाला शिकवतोय!"

माझं शिक्षण पदार्थविज्ञानातलं. मी डक्टचं खालचं तोंड ताडपत्रीने बंद करून पाहिलं, पाण्याचा पंप थांबवून पाहिला, वारा पडायची वाट पाहिली. हाक येतच राहिली. हळूहळू मला तिची भीती वाटेनाशी झाली, आणि तेच वाईट होतं. इतरांचीही भीती गेली होती. सहाव्यावर कोणी कमरेच्या सेफ्टी पट्ट्याचा हुक बचावाच्या दोरात अडकवेना. लंबू आहे की, म्हणायचे.

लंबूचा धाकटा भाऊ आमच्याकडेच प्लंबर. पाइप सोडायला त्याला जाळी काढावीच लागायची. त्या दिवशी मी वर गेले तर तो उघड्या भोकाच्या काठावर, कमरेचा हुक लोंबकळत ठेवून उभा.

"हुक अडकव."

"दादा आहे ना, मॅडम."

"दादा हाक मारेल. तुला धरेल का?"

"धरायची वेळच येऊ देत नाही. काल पाना निसटला, मी झुकणार तेवढ्यात ओरडला." मग खाली बघत म्हणाला, "हुक अडकवला की बोलत नाही तो. एकदा अडकवून पाहिला. दिवसभर गप्प. संध्याकाळी आई दारातच उभी, आज बोलला का रे म्हणून."

म्हणजे हा हाक ऐकण्यासाठी काठावर उभा राहत होता.

त्याला साइटवरून काढणं माझ्या हातात होतं. पण मग तो दुसऱ्या एखाद्या इमारतीत तसाच उभा राहिला असता, आणि तिथे ओरडायला कोणी नसतं.

"काम संपलं की तुझा दादा काय करायचा?"

"काय करणार? बूट भिरकावून आडवा. हलवला तरी उठायचा नाही."

"आता कधी आडवा होतो?"

तो चिडला. "असं बोलून सगळ्यांना गुंडाळता का?"

"हो, गुंडाळते. पण त्याच्या आवाजात धाप ऐकू येते मला. धावत आल्यासारखी. तुला नाही येत?"

त्याने लोंबकळणारा हुक मुठीत धरला.

"येते," म्हणाला. "आधी नव्हती."

मग त्याने भोकात तोंड घालून मोठ्याने सांगितलं, "दादा, अडकवतोय रे!" आणि हुक दोरात अडकवला. मी दोनदा ओढून पाहिला. नीट बसला होता.

तो काठावरून पार वाकला. काहीच आवाज आला नाही. तसाच वाकून, मान वळवून त्याने विचारलं, "आईला काय सांगू आता?"

मी पाइपचं वरचं टोक धरलं. तो हळूहळू पाइप खाली सोडत राहिला, आणि आम्ही दोघंही कान टवकारून होतो.