मैना घ्यावी की नाही

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अक्षताचं पत्र आलं होतं, आणि ऑगस्ट सरत आला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. अक्षता माझ्या धाकट्या भावाची, संघपालची मुलगी. अंबडला राहते आणि कुंभार पिंपळगावच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर नोकरी करते. पत्र दीडच पानाचं होतं. त्याचा शेवट मला पाठ झाला होता.

‘काका, डोरा आणि किरो दोन्ही चालवून बघितल्या, पण माझं मन नव्या मैनेवर आहे. बाबा म्हणतात, दादाचा कागद आला की बुकिंग करू. तुम्ही नको म्हणालात तर नको. पण का नको ते लिहा. नुसतं नको लिहू नका.’

आमच्या घरात मोठी वस्तू घ्यायची तर ‘दादाचा कागद’ लागतो. आमच्या वडिलांना वाचता येत नव्हतं. घरात कुठलाही छापील कागद आला की ते तो माझ्यापुढे ठेवत आणि विचारत, “राजानंद, ह्यात फसवणूक हाय का बघ.” मी तेव्हा पाचवीत होतो. पुढे जालन्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झालो आणि तीच रीत पत्राने चालू राहिली, कारण फोनवर मी अडखळतो. संघपालची पहिली स्कूटर, फ्रीज, मुलींचे प्रवेश, सगळ्यांवर माझा कागद गेला. एकदाच चुकलो, बहिणीच्या, ज्योत्स्नाच्या शिलाई मशीनच्या वेळी. ती अजूनही त्यावरून मला बोल लावत नाही, हे मला जास्त लागतं.

मला गाडी चालवता येत नाही. जे काही कळतं ते वाचून. वाचनालयात येणारी गाड्यांची मासिकं मी तीस वर्षं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, कारण ती कोणी धड परत ठेवत नसे आणि मला ती तपासावी लागत. त्यामुळे घरातल्यांचा समज झाला की मला गाड्यांतलं कळतं. मीही तो समज कधी मोडला नाही.

आता मैनेविषयी. मैना नावाची गाडी माझ्या लहानपणी होती. मग बंद पडली. आठ वर्षांपूर्वी कंपनीने त्याच नावाची छोटी गाडी काढली, तिचं पोट रस्त्याला घासतं म्हणून ती फारशी चालली नाही. आता तीच बदलून आणली आहे. गोल दिवे, चमकती पट्टी, दोन रंग, आत घड्याळासारखे गोल काटे. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘तुमचे सोनेरी दिवस परत.’

त्या ओळीपाशी मी अडलो. सोनेरी दिवस कोणाचे? मी सात वर्षांचा असताना आमच्या गावात एका लग्नाला जुनी मैना आली होती. मी तिच्या दिव्याच्या गोल काचेला बोट लावलं. एका माणसाने मला हटकलं, आणि मग खिशातलं फडकं काढून तेवढीच काच पुसली. मारलं नाही, शिवी दिली नाही. पुसलं फक्त.

हे अक्षताला कसं लिहायचं? गाडी वाईट म्हणून मी नको म्हणतोय की ती काच आठवते म्हणून, हे मलाच ठरवता येईना. म्हणून मी गाडीत खोट शोधायला लागलो. खोट सापडली असती तर प्रश्न मिटला असता.

तिन्ही दुकानांत जाऊन आलो. डोरा उंच आहे, खड्ड्याला घाबरत नाही, पण तिची मागची सीट इतकी ताठ की मंदिराच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटलं. किरो मऊ आहे, पण थंड हवा कमी करायची तर काचेच्या पडद्यावर बोटाने चार ठिकाणी दाबावं लागतं. चालत्या गाडीत ते कसं करायचं, असं विचारल्यावर तिथली मुलगी म्हणाली, “सवय होते, अंकल.” मैनेला मात्र खरी बटणं होती, फिरवायची. बसायची उंची मला बरोबर वाटली, गुडघ्यात कळ आली नाही. यामुळेच संशय वाढला. इतकं सगळं बरं असेल तर लपवलं काय आहे?

ग्रंथपालाला एक खोड असते. प्रकाशक ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून पुस्तक पाठवतो, तेव्हा आधी जुनी प्रत शेजारी ठेवून बघायची की मुखपृष्ठाशिवाय काय बदललंय. मी मैनेच्या दुकानातून गाडीसोबत मिळणारं माहितीपुस्तक मागून आणलं, आठ वर्षांपूर्वीच्या मैनेचं एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून मिळवलं, आणि दोन्ही ओळीला ओळ लावून वाचली. अर्ध्याहून जास्त पानं शब्दाला शब्द तीच. चित्रंसुद्धा तीच. मला आनंद झाला, हे कबूल करतो. जुनीच गाडी नव्या वेष्टनात, सिद्ध झालं.

मैनेच्या दुकानातल्या आर्यन नावाच्या बोलघेवड्या विक्रेत्याने एक गोष्ट स्वतःहून सांगितली होती. “सर, हिच्यात स्टेपनी येत नाही. पंक्चरचं किट येतं. स्टेपनी पाहिजे असंल तर आपण वेगळी बसवून देऊ.”

मी घरी येऊन पुस्तक उघडलं. पान एकसष्ट. डिक्कीच्या गादीखाली जादा चाक, चित्रासकट. म्हणजे हा माणूस गाडीतलंच चाक मला पुन्हा विकायला निघाला होता. मी वहीत लिहिलं, ‘विक्रेता खोटं बोलतो.’ खाली दोन रेघा मारल्या.

तरी पत्र लिहिलं नाही. तीन मसुदे केले. तिन्हींत ‘नको’ होतं, आणि तिन्हींतलं कारण वाचून मला माझीच लाज वाटली.

मग संघपाल आला. तो फारसा येत नाही. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, “दादा, तुझा कागद न्हाई आला म्हणून पोरीनं गाडीचं नाव सोडून दिलंय. घरात समजले, दादाला पसंत न्हाई. रोज जीपमधी जाऊन राह्यली. परवा जीपवाल्यानं तिला मधीच उतरवून दिलं, पुढं माणसं कमी हायेत म्हणून. दीड तास उभी व्हती.”

“मी नको म्हटलं नव्हतं.”

“हो बी न्हाई म्हटलं. आपल्या घरात ते एकच असतंय.”

तो गेल्यावर मी ठरवलं की आता पुस्तक पुरे, मैना वापरणाऱ्याला भेटायचं. माझे कॉलेजातले जुने सहकारी रामराव, इतिहासाचे, निवृत्तीनंतर वडीगोद्रीला राहतात. त्यांनी मे महिन्यात नवी मैना घेतली होती. मी फोन केला. माझं अर्धं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते म्हणाले, “बिलकुल डोळे झाकून घ्या! आणि दुकानात माझं नाव सांगा हां, विसरू नका.”

नाव कशाला सांगायचं? ही शंका घेऊनच मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने वडीगोद्रीला उतरलो.

गाडी अंगणात होती, वर चादर. रामरावांनी चादर काढली ती नवरीच्या डोक्यावरचा पदर सारावा तशी. “बघा! आमच्या आबांकडं हीच होती. ह्याच रंगाची. आम्ही सगळे भावंडं मागं कोंबून बसायचो. दिवे बघा, तेच.”

मी दिवे बघितले. हात मागे बांधून.

“आबांची बंद पडली की ढकलायला गडी लागायचे, ते न्हाई सांगितलं,” दारातून सगुणाबाई म्हणाल्या. रामरावांच्या पत्नी. “आणि गुरुजी, हे तुमाला त्यांचं नाव का सांगायला लावून राह्यले ते इचारा. तीन गिऱ्हाईकं दिली की पुढची सर्व्हिसिंग फुकट हाय.”

“अहो, दोन झालेत ऑलरेडी,” रामराव म्हणाले. एवढं तरी खरं सांगितलं.

“तिसरे तुमी,” सगुणाबाई मला म्हणाल्या.

माझी एक तरी शंका खरी निघाली, आणि त्याने मला धीर आला. मी वही काढली.

“पुढं बसा, राजानंद,” रामरावांनी दार उघडून धरलं.

मी म्हणालो, मागची सीट तपासायची आहे. खरं कारण ते नव्हतं, ती पुसलेली काच होती. सगुणाबाई पुढे बसल्या आणि आम्ही अंबडच्या रस्त्याला लागलो.

पहिलाच गतिरोधक गावकऱ्यांनी स्वतः घातलेला होता, बैलाच्या वशिंडाएवढा. पोट घासलं नाही. तिघे बसलो असताना. दुसऱ्यालाही नाही. मी खिडकीतून वाकून बघितलं, तर रामराव म्हणाले, “काय पडलं का?” मी म्हणालो, काही नाही. वहीत लिहिलं, ‘पोट घासत नाही. तपासा.’ मग ‘तपासा’ खोडलं, कारण तपासूनच झालं होतं. पुस्तकातली पानं तीच होती आणि गाडी तीच नव्हती. हे मला आवडलं नाही.

अंबड अजून लांब असताना गाडी एका अंगाला ओढू लागली. रामरावांनी ती बाजूला घेतली. मागचं डावं चाक बसलं होतं. खिळा.

“काळजी नको,” मी म्हणालो. त्या दिवशी पहिल्यांदा माझा आवाज नीट निघाला. “स्टेपनी डिक्कीच्या गादीखाली आहे. पान एकसष्ट.”

रामराव खिळा बघायला वाकले. मी स्वतः डिक्की उघडली, छत्र्या आणि पिशव्या बाजूला केल्या, गादी उचलली. खाली उथळ खाच होती. त्यात एक छोटा पंप आणि पांढऱ्या पातळ पदार्थाची बाटली.

मी गादी पुन्हा खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“डिक्की मोठी व्हावी म्हणून काढलंय त्यांनी,” रामराव रस्त्याकडे बघत म्हणाले. “आर्यननं सांगितल्तं मला.”

“मंग गुरुजींना फोनवर का न्हाई सांगितलं?” सगुणाबाई म्हणाल्या. “आपल्या गाडीत काय कमी हाय म्हटलं की ह्यांची जीभच उचलत न्हाई. सरका तिकडं.”

त्यांनी बाटलीवरचा कागद माझ्या हातात दिला. “वाचा जोरात. वाचता तर बरं येतं तुमाला.”

मी वाचलं, त्यांनी केलं. बाटली चाकाला जोडली, पंपाची वायर गाडीत खोचली. दहा मिनिटांत चाक उभं राहिलं. मी मात्र त्या बाटलीकडे बघत नव्हतो. वहीतली ती ओळ माझ्या डोळ्यांपुढे होती, ‘विक्रेता खोटं बोलतो’, आणि खालच्या दोन रेघा. सगळ्या जाणत्या माणसांवर मी संशय घेतला होता. छापील पानावर घेतला नव्हता, जुन्या पुस्तकातून ते तसंच उचललेलं असूनही. वडील विचारायचे, ह्यात फसवणूक हाय का बघ, आणि मी कागदच बघत राहिलो, गादी उचलून बघितली नाही. हे पान वाचून मी अक्षताला ‘चाक आहे’ असं लिहिलं असतं, तर ती एखाद्या संध्याकाळी त्या पिंपळगावच्या रस्त्यावर गादी उचलून उभी राहिली असती.

हळूहळू वडीगोद्रीला परत आलो. हायवेच्या कडेला कारभारींचं पंक्चरचं दुकान आहे. त्यांनी टायर काढलं आणि आत बघून तोंड वाकडं केलं.

“हा चीक कोणी वतला? सगळं घाण करून ठेवलं की राव.”

“गाडीसोबतच येतं ते,” मी म्हणालो. “चालतं का हे?”

“खिळ्याला, काट्याला चालतं. टायर बाजूनं फाटलं तर अशा धा बाटल्या वता, काय होत न्हाई. तुमची हाय का गाडी?”

“माझी पुतणी घेणार आहे. रोज अंबडहून कुंभार पिंपळगाव. एकटी.”

“मंग जादा चाक टाका. त्या खाचेत बसायचं न्हाई, गादीवर आडवं टाका आणि पट्ट्यानं बांधा. अर्धी डिक्की जाईल. तिला काय पोती न्यायचीत का?”

“नाही. एक पिशवी असते.”

“मंग झालं की! एवढा इचार कशाला करता?”

मला पाच महिने लागले, हे मी त्यांना सांगितलं नाही. परतीच्या एसटीत वही उघडून ती ओळ खोडली. रेघांसकट.

घरी येऊन पत्र लिहिलं. मसुदा केला नाही.

‘चि. अक्षता, उशीर झाला, ती चूक माझी. मैना घे. डोराची मागची सीट तुझ्या आईच्या पाठीला सोसायची नाही. किरोची बटणं पडद्यात आहेत, ती तुला रस्त्यावरून नजर काढायला लावतील. मैनेचं पोट आता घासत नाही, हे मी बसून पाहिलं. तिच्यात जादा चाक नाही. पुस्तकात आहे, गाडीत नाही. ते घेतल्याशिवाय गाडी दुकानातून हलवू नकोस, आणि गादीवर पट्ट्याने बांधून घे. आर्यन नावाचा विक्रेता खरं सांगतो, त्याच्याकडे जा. माझं नाव सांगायची गरज नाही.

आणखी एक. मला ही गाडी दिसायला आवडत नाही. त्याचं कारण गाडीत नाही, माझ्या लहानपणात आहे. तू आलीस की सांगेन. तू विचारलंस तर. ते कारण तुझ्या निर्णयात धरू नकोस. तुझ्या बाबांनाही हे पत्र वाचून दाखव, म्हणजे हा दादाचा कागद झाला. पण पुढच्या वेळी कागदाची वाट बघू नका. तू दोन गाड्या चालवून बघितल्या होत्यास, मी एकही नाही.’

पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी गेलो. पेटीवर टपाल काढायची वेळ पुसट झाली होती. ती रोज उघडतात की नाही, मला खात्री वाटेना. तसाच मोठ्या पोस्टात गेलो, रांगेत उभा राहिलो आणि स्पीड पोस्ट केलं. खिडकीतल्या बाईंनी पाकिटावर शिक्का मारून पावती दिली, आणि पाकीट मागच्या पोत्यात पडेपर्यंत मी खिडकी सोडली नाही.