बंद दाराआडचा लेथ

"हात लाव, हात! लोखंडाला कुठं दुखतंय ते बोटांना कळतं रे, डोळ्यांना नाही!"

जुन्या उस्तादाचा तो आवाज छत्तीस वर्षांनीही टर्नरकाकांच्या कानात ताजा होता, आणि तोच घात करत होता. लोखंड कातणारा, संगणकावर चालणारा नवा लेथ फिरू लागला की काकांचा हात आपसूक त्याच्या काचेच्या दाराकडे जायचा. दार उघडलं की यंत्र खटकन बंद.

"काका, तिसऱ्यांदा!" वर्गातल्या वेल्डरबाई हसल्या.

"लेथ आहे की नवी नवरी? जरा काही झालं की रुसते!" काका करवादले.

सगळा वर्ग खिदळला. फक्त शिकवणाऱ्या मॅडम हसल्या नाहीत. घरी ती काकांची सूनबाई, इथं तंत्र महाविद्यालयात मॅडम.

"परीक्षेत लोखंड कापलं जात असताना दार उघडलंत, तर नापास," ती कोरडेपणानं म्हणाली.

कारखान्यातले जुने लेथ महिनाअखेर भंगारात जाणार होते. या वर्गाचं प्रमाणपत्र मिळालं नाही, तर त्यांच्या पाठोपाठ काकाही. वय छप्पन्न.

परीक्षेच्या दिवशी काकांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. काचेआड टूल थंड ठेवणारं दुधाळ पाणी उडत होतं, दिसत काहीच नव्हतं. पडद्यावरचे आकडे शहाण्यासारखे पुढे सरकत होते. लेथ गात होता, एका सुरात, एका लयीत. अन् मध्येच तो सूर किंचित चिरकला.

काकांनी बटण दाबून यंत्र थांबवलं.

"का थांबवलंत? पडद्यावर तर सगळं ठीक आहे," परीक्षक म्हणाले.

"पडद्याला कान नाहीत, साहेब. कापणाऱ्या टूलची धार गेलीय."

परीक्षकांनी स्वतः दार उघडून पाहिलं. टूलच्या टोकाची तिळाएवढी कपची उडाली होती.

काकांनी नवं टोक बसवलं. सहा महिन्यांपूर्वी ज्या बटणांवर बोटं अडखळायची, त्यांच्यावर नवं माप भरलं, दार लावलं. परीक्षेचा लोखंडी दांडा, शाफ्ट, तयार झाला. परीक्षकांनी दोनदा मोजला. केसाचाही फरक नव्हता. त्यांनी उठून काकांचा हात हातात घेतला, तेव्हा वेल्डरबाईंनी अशी काही शिट्टी घातली की छताचे पत्रे दणाणले.

कार्यशाळा रिकामी झाली. काका लेथ पुसत होते.

"जमलं ना, मॅडम?"

"मॅडम नका म्हणू." सूनबाईनं त्यांच्या हातातलं फडकं घेतलं. "बाबा, मागच्या वर्षीचा तुमचा या वर्गाचा अर्ज गहाळ झाला नव्हता. मीच दाबून ठेवला होता. म्हटलं, लोक तुम्हाला हसतील, मला विचारतील, हे कोण तुमचे? आणि मला सांगावं लागेल." ती स्वतःच लेथ पुसू लागली. "मघाशी बाहेर परीक्षक साहेबांनी विचारलंच. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं मी, माझे सासरे आहेत म्हणून."